मिरचीचा चुरडा दरवर्षी परत का येतो? आधी पान उलटून पाहा

समस्या अशी. रोप लागतं, महिनाभर तरतरीत वाढतं, पहिल्या कळ्या दिसू लागतात आणि नेमकी त्याच आठवड्यात शेंड्याची पानं आखडायला लागतात. बघता बघता पानं चुरगळतात, झाड खुजं राहतं, फुलं गळून कुंडीत पडतात. मिरची लागलीच तर बोटाच्या पेराएवढी, वाकडी. आपण औषध मारतो, खत देतो, कुंडीची जागा बदलतो. पुढच्या वर्षी नवीन रोपं आणतो आणि पुन्हा तेच होतं. याला चुरडा-मुरडा म्हणतात, कुठे बोकड्या म्हणतात. नाव एकच असल्यामुळे रोगही एकच असेल असं वाटतं, आणि सगळी चूक तिथून सुरू होते.

माझ्या गच्चीवर हे सलग चार वर्षं झालं. नागपुरात मानेवाड्याकडे आमचं घर आहे, गच्चीवर बावीस कुंड्या, त्यातल्या आठ-दहा मिरचीच्या. सासूबाई भिवापूरकडच्या, त्यामुळे घरात भिवापुरीचं बी आहे. ती लालभडक मिरची, तिला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सासूबाई तिच्याशिवाय दुसऱ्या मिरचीचं तिखट घरात येऊ देत नसत. त्या गेल्यावर ते बी जगवणं ही माझी जबाबदारी झाली. म्हणून चार वर्षं एकामागून एक रोपं आखडत गेली तेव्हा मला भाजी गेल्याचं दुःख नव्हतं, काहीतरी हातातून निसटतंय असं वाटत होतं.

आमच्या गल्लीत कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हा मी गच्चीवर फवारा घेऊनच उभी होते. ते वर आले, थोडा वेळ नुसतं पाहत राहिले.

"काय मारून राहिली?"

मी औषधाचं नाव सांगितलं.

"कशासाठी?"

"चुरड्यासाठी, काका."

"कोणता चुरडा?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी शेंड्याचं एक पान दोन बोटांत धरून अलगद उलटलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांशी नेलं. "चार वर्षं औषध मारून राहिली, पान एकदा तरी उलटून पाह्यलं काय बेटा?"

नव्हतं पाहिलं. मी वरूनच पाहत होते, वरूनच फवारत होते. आणि मिरचीचे तिन्ही शत्रू, फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी, पानाच्या खालच्या बाजूला राहतात.

पान कुठल्या बाजूला वळलंय?

निदान इथून सुरू करा. सकाळी ऊन चढायच्या आधी पाहा, कारण दुपारी नागपूरच्या उन्हात निरोगी पानसुद्धा कडा आत घेतं आणि संध्याकाळी पुन्हा उघडतं. तो चुरडा नाही, पाणी वाचवण्याची झाडाची युक्ती आहे. सकाळी सात वाजताही पान वळलेलंच असेल तर पुढे वाचा.

पानाच्या कडा वर वळून द्रोणासारखा आकार झाला असेल तर पहिला संशय फुलकिड्यांवर घ्या. पान उलटलं की खाली चंदेरी ओरखडे दिसतात, जुने झाले की तेच ओरखडे तांबूस-तपकिरी होतात. कोवळ्या कळ्या ठिसूळ होऊन गळतात आणि मिरचीच्या अंगावर देठाजवळ खरबरीत तपकिरी चट्टे येतात. खात्री करायची सोपी रीत आहे: शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर अनुस्वाराहूनही बारीक, पिवळसर, लांबट कण पडतील. दहा सेकंद थांबा. कण चालायला लागले तर ते फुलकिडे. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका शेंड्यातून चौदा मोजले. उघडलेलं फूलही कागदावर झटका. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं प्रचंड नुकसान करणारे काळसर फुलकिडे मुख्यतः फुलातच लपत होते.

पानाच्या कडा खाली वळून उलट्या द्रोणासारख्या झाल्या असतील, पान अरुंद आणि गडद हिरवं झालं असेल, हाताला जाड आणि कडक लागत असेल, आणि देठ उंदराच्या शेपटीसारखा लांबला असेल तर ते कोळी. हे जाळं विणणारे लाल कोळी नव्हेत, त्यांच्याहून कितीतरी लहान, पिवळट-पारदर्शक. नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. दागिने पाहायचं दहापटीचं भिंग इतवारी बाजारात सहज मिळतं, ते एक घरात ठेवा. कोळी फक्त कोवळ्या शेंड्यावर असतात, त्यामुळे खालची पानं ठणठणीत आणि वरचा शेंडा थिजलेला असं दृश्य दिसतं. श्रावण-भाद्रपदात, हवा दमट आणि उबदार असताना, यांचा जोर असतो. उलट फुलकिडे कोरड्या उकाड्यात वाढतात, ऑक्टोबरच्या उन्हात आणि मग फेब्रुवारीनंतर. महिना पाहिला तरी निम्मा अंदाज येतो.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. पानं वर वळतात, पण त्याबरोबर लहान लहान होत जातात, शिरा जाड आणि उठून दिसतात, कडा फिकट पिवळ्या पडतात. दोन पेरांमधलं अंतर इतकं कमी होतं की शेंड्याला पानांचा झुपका बांधल्यासारखा दिसतो. पान उलटलं तर ओरखडे नाहीत, कागदावर काही पडत नाही. पण झाड हलवलं की भुरकन पांढऱ्या बारीक माश्या उडतात आणि लगेच परत बसतात. हा विषाणू आहे, आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते ती पांढरी माशी.

तिन्ही एकाच झाडावर असू शकतात, त्यामुळे गोंधळ होतो. इतकंच काय, हे कोळी पांढऱ्या माशीच्या पायाला चिकटून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना, पण ही नोंदलेली गोष्ट आहे.

दोऱ्याची चाचणी

नक्की काय आहे ते ठरत नसेल तर मी जे करते ते सांगते. शेंड्याच्या सगळ्यात वरच्या उघडलेल्या पानाखाली लाल लोकरीचा दोरा सैल बांधते. तीन आठवडे खाली दिलेला उपचार नीट करते. दोऱ्याच्या खालची वाकडी पानं कधीच सरळ होणार नाहीत, त्यांच्याकडे पाहून निराश होण्यात अर्थ नाही. पाहायचं ते फक्त दोऱ्याच्या वरचं. तिथे नवीन पान सपाट आणि नेहमीच्या आकाराचं आलं तर किडीचा चुरडा होता आणि तुम्ही जिंकलात. कीड दिसत नसतानाही नवीन पान पुन्हा बारीक आणि आखडलेलंच आलं तर विषाणू आहे.

ही चाचणी करण्यापूर्वी मी दर चार दिवसांनी औषध बदलत असे, कारण जुनी पानं तशीच दिसत आणि औषध लागू पडत नाही असं वाटे. किती चांगले उपचार मी असे अर्ध्यावर सोडले असतील!

फुलकिड्यांसाठी काय करायचं

आधी पाणी. पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पानांच्या खालून जोरात पाणी मारा, दोन-तीन दिवस सलग, सकाळच्या वेळी. एवढ्यानेच संख्या निम्म्यावर येते. मग कडुनिंबाचं तेल. एक लिटर पाण्याला ५ मिली तेल आणि १ मिली भांडी घासायचं लिक्विड. क्रम महत्त्वाचा आहे: आधी अर्धा कप कोमट पाण्यात लिक्विड, त्यात तेल, झाकण लावून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं, आणि मग उरलेलं पाणी. थेट बादलीत तेल ओतलं तर ते वर तरंगतं, पहिल्या कुंडीला नुसतं पाणी जातं आणि शेवटचीची पानं जळतात. घाण्याचं, उग्र वासाचं तेल घ्या. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी दहा अंशांखाली गेली की हे तेल बाटलीत थिजतं, तेव्हा बाटली तासभर उन्हात ठेवा. फवारा नेहमी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून वर, आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

एका फवाऱ्याने काही होत नाही. फुलकिड्याची अंडी पानाच्या आत असतात आणि कोष बहुतेक मातीत, त्यामुळे आज मारलेल्यांच्या जागी आठवड्यात नवीन येतात. पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन फवारे हे कमीत कमी. सोबत निळे चिकट सापळे लावा. फुलकिड्यांना निळा रंग ओढतो, पांढऱ्या माशीला आणि माव्याला पिवळा. विकतचे नको असतील तर त्याच रंगाच्या जुन्या प्लास्टिकच्या ताटलीला एरंडेल तेल फासून टांगा, दर चार दिवसांनी पुसून पुन्हा फासा.

एवढ्यावरही आटोक्यात आले नाहीत तर मिरचीसाठी लेबलवर परवानगी असलेलं स्पिनोसॅड हा पर्याय आहे. प्रमाण आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर दिलेलं असतं, ते तंतोतंत पाळा. ओलं असताना ते मधमाश्यांना घातक आहे, म्हणून अंधार पडल्यावरच फवारा.

कोळ्यांसाठी काय करायचं

इथे लोक हमखास चुकतात. मीही चुकले. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे, त्यामुळे कीटकांची बरीच औषधं त्याला लागतच नाहीत. उलट ती औषधं कोळ्यांना खाणारे मित्रजीव मारून टाकतात आणि कोळी दुपटीने वाढतात. तुम्ही औषध मारलं आणि आठवड्यात चुरडा वाढला, असं झालं असेल तर बहुतेक हेच घडलंय.

आधी थिजलेले शेंडे दोन-तीन इंच कापून थेट पिशवीत टाका, कुंडीत टाकू नका. मग पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, एक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळायच्याच. पारा ३२-३३ अंशांच्या वर असताना गंधक मारायचं नाही, पानं भाजतात. आणि कडुनिंबाचं तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नाही, गंधक मारल्यावर दोन आठवडे तेल नाही. मी एकदा घाईत चार दिवसांच्या अंतराने दोन्ही मारलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या झाडाच्या पानांच्या कडा कागद जळावा तशा तपकिरी झाल्या होत्या. ते झाड वाचलं, पण त्या हंगामात त्याला फूल आलं नाही.

विषाणूसाठी

उपचार नाही. हे लिहायला मला आवडत नाही, पण जो कोणी एखादी बाटली दाखवून विषाणू बरा होईल म्हणतो त्याच्यावर पैसे घालवू नका. झाड काढावं लागतं. काढायचीही रीत आहे. पहाटे, गारव्यात माश्या सुस्त असतात तेव्हा, मोठी प्लास्टिकची पिशवी आधी झाडावर वरून सोडा, बुंध्याशी आवळा आणि मग झाड उपटा. तसंच ओढून काढलं तर हिसका बसताच माश्या उडतात आणि शेजारच्या झाडावर जातात. पिशवीचं तोंड बांधून दोन दिवस उन्हात ठेवा आणि मग कचरागाडीत द्या.

झाड फळावर आल्यावर लागण झाली असेल तर थोडीफार मिरची मिळते, त्यामुळे ते ठेवण्याचा मोह होतो. आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण या मोहातच माझ्या चार वर्षांचं उत्तर होतं.

दरवर्षी परत येण्याचं खरं कारण

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक जुनं भिवापुरीचं झाड होतं. सासूबाईंच्या हातचं. मिरचीचं झाड एका वर्षात मरत नाही, नीट जपलं तर काही वर्षं जगतं. त्यांच्या शेवटच्या आजारपणाच्या वर्षी लावलेलं, म्हणून मी ते जिवापाड जपलं होतं. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधून, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी घालून. पानं आखडलेली असायची, पण त्यावर वर्षाला दहा-बारा मिरच्या यायच्या आणि मी त्या वेगळ्या ठेवायचे.

नवीन रोपं दरवर्षी मी त्याच्याच शेजारी ठेवत होते, कारण कोवळ्या रोपांना सावली तिथेच होती.

काकांनी त्या झाडाला हळूच हलवलं. पांढऱ्या माश्यांचा धुरळा उठला आणि त्यातल्या काही माझ्या डोळ्यांदेखत बाजूच्या वाफ्यातल्या वीतभर रोपांवर जाऊन बसल्या. काका काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. मी औषधं बदलली, माती बदलली, नर्सरी बदलली. विषाणू बाहेरून येतच नव्हता, तो घरातच होता, मी त्याला पाणी घालत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते झाड काढलं. आधी त्यावरच्या दोन पिकल्या मिरच्यांचं बी काढून कागदाच्या पुडीत घातलं आणि पुडीवर सासूबाईंचं नाव लिहिलं. पण बी पेरायला मी जुन्या डब्यातलं, निरोगी झाडाचं वापरलं. ती पुडी अजून देवघरात आहे.

तुमच्याकडे चुरडा दरवर्षी येत असेल तर आधी असं जुनं झाड शोधा. ते मिरचीचंच असेल असं नाही. आपोआप उगवलेलं टमाट्याचं झाड, कोपऱ्यातलं वांगं, भिंतीलगतचं गाजरगवत, शेजाऱ्यांच्या कुंडीतली जास्वंद, सगळं हलवून पाहा. टमाट्याचं आखडलेलं झाड दिसलं तर तेही काढा. नागपूरच्या भोवती खरिपात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, असते आणि पांढरी माशी पऱ्हाटीवर आनंदाने राहते, त्यामुळे शहरातल्या गच्चीवर माशी कधीच शून्य होणार नाही. पण माशी येणं वेगळं आणि तिला इथे विषाणूचं झाड मिळणं वेगळं. झाड नसेल तर आलेल्या माशीला निदान इथून विषाणू मिळत नाही.

रोपं कापडाखाली

दुसरी गोष्ट रोपाच्या वयाची. लागण जितक्या लहान वयात, तितकं नुकसान जास्त. चार पानांच्या रोपाला विषाणू लागला तर मिरची विसरा. म्हणून पहिले दोन महिने माशीला रोपाजवळ येऊच द्यायचं नाही.

मी आधी मच्छरदाणी लावली होती. दोन दिवसांनी माश्या आत. डास अडतो, पण पांढरी माशी त्या भोकांतून आरामात जाते. रोपवाटिकेत वापरतात ती चाळीस मेशची, म्हणजे इंचाला चाळीस भोकांची, कीटकरोधी जाळी लागते, किंवा मग जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल. सासूबाईंच्या दोन पांढऱ्या सुती साड्या होत्या, त्याच मी वापरते. तारेच्या कमानी करून त्यावर साडी आणि कडा विटांनी दाबलेल्या. चारही बाजूंनी दाबलं पाहिजे, बोटभर फट राहिली तरी उपयोग नाही. पाणी घालायला एकच बाजू उचलायची, तीही पहाटे.

माझं वेळापत्रक असं आहे. गणपती बसले की बी टाकते, अर्धा इंच खोल, रेती आणि गांडूळखताच्या ट्रेमध्ये. दसऱ्याच्या सुमारास पाच-सहा आठवड्यांची, वीतभर रोपं कुंडीत जातात, पण साडीखालीच राहतात. पहिली कळी दिसली की साडी निघते. डिसेंबरात हिरवी मिरची सुरू होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल तोडून वाळवते. जूनमध्येही लावता येते, पण गच्चीवर पावसाळ्यात कोळी आणि मूळकूज दोन्ही सांभाळावं लागतं. घरच्यासाठी हिवाळी मिरची सोपी आहे, असं माझं ठाम मत झालंय.

विकतची रोपं आणणार असाल तर तिथेच ट्रे हलवा, पान उलटा. आठवडी बाजारात रोपवाल्या भाऊंना हे आवडत नाही, तरी करा. घरी आणल्यावर दहा दिवस बाकी झाडांपासून लांब, साडीखाली ठेवा.

बी धरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मिरचीत परागीकरण शेजाऱ्याचंही होतं. भिवापुरीच्या बाजूला ज्वाला किंवा लवंगी असेल तर पुढच्या पिढीत भेसळ होते. बियाण्यासाठीच्या फांदीवर कळ्या उघडायच्या आधीच मलमलीची लहान पिशवी बांधा, मिरची धरली की काढा.

चुरड्यासारखं दिसणारं, पण चुरडा नसलेलं

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. तेव्हा फुलं गळतात, मिरची धरत नाही. तो रोग नाही आणि त्याला औषध नाही. हिरवी जाळी बांधा, सकाळी लवकर पाणी द्या, झाड जगवा, एवढंच.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे नेहमी होतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला असेल तर कारण तेच. पावसाचं पाणी साठवून द्या, शेणखत वाढवा.

युरिया जास्त झाला तर पानं गडद, लुसलुशीत आणि मोठी होतात आणि थोडी वळतात. अशा कोवळ्या पानांवर मावा आणि माशी तुटून पडतात. घरच्या कुंडीला युरिया देऊच नये. महिन्याला दोन मुठी गांडूळखत पुरतं. बुंध्यावर मुंगळ्यांची रांग चढताना दिसली तर वर मावा आहे हे समजा आणि पाण्याचा फवारा घ्या.

सकाळी ताजं आणि संध्याकाळी अख्खं झाड माना टाकून बसलं, पाणी दिल्यावरही उठलं नाही, तर मुळाशी कूज आहे. नुसती काळी माती कुंडीत भरली की असं होतं. पावसात ती चिखल होऊन बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून पाणी कडेने निसटून जातं. एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग मुरलेलं शेणखत, कुंडी निदान बारा इंचाची आणि तळाची भोकं उघडी, इतकं पाळलं तर हे बंद होतं.

माती टाकून देऊ नका

झाड काढल्यावर लोक कुंडीची माती फेकतात. तसं करायची गरज नाही, कारण नागपूरचा जो उन्हाळा आपली झाडं करपवतो तोच माती शुद्ध करतो. विषाणू मातीतून येत नाही, पण फुलकिड्यांचे कोष आणि मूळकुजीची बुरशी मातीतच असते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मी सगळी माती गच्चीवर प्लास्टिकच्या ताडपत्रीवर वीतभर थरात पसरते, नीट ओली करते आणि वरून पारदर्शक प्लास्टिक घालून कडा विटांनी दाबते. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, म्हणजे ऊन आत जाऊन उष्णता अडकते. कोरड्या मातीवर केलं तर उपयोग निम्मा, ओलाव्याने उष्णता खोलवर जाते. पाच-सहा आठवडे तसंच राहू द्यायचं. मधे एकदा दुपारी कडा उचलून हात घातला होता, चटका बसून लगेच मागे घ्यावा लागला.

मृगाचा पहिला पाऊस आला की प्लास्टिक काढते, आठवडाभर माती उघडी ठेवते, मग चौथा हिस्सा शेणखत, ताजं नव्हे, जुनं मुरलेलं, मिसळून कुंड्या भरते. त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या पाटीभर गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवते. गणपतीनंतर लागतील तेव्हा ५० ग्रॅम कुटून कापडात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी पिळून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं.